पडक्या शाळेचा पाढा

फार मागे एका गावातली शाळा कित्येक पिढ्यांना पाढे शिकवून अखेर कोसळली, आणि तिच्या ढिगाऱ्यात बीळ करायची हुक्की कोल्ह्याला आली.

“छप्पर नाही, मास्तर नाही. शाळा संपली. साळुंकीबाई, घरटं उचला,” तो म्हणाला. निवाड्याला गाढव आणि कावळा बसले होते. कोल्ह्यासकट तिघेही वर्गाच्या खिडकीखालीच वाढलेले.

उभ्या उरलेल्या एका भिंतीवरच्या घरट्यात साळुंकीची अंडी होती. वर्ग पेंगला की मास्तर पाढा मुद्दाम चुकत, ते तिला आठवलं. ती भिंतीवरून कडाडली, “बे त्रिक सहा! बे चोक नऊ!”

“आठ!” पंच एका सुरात ओरडले. त्यांच्याही वरचा आवाज कोल्ह्याचा होता.

“शाळा भरली आहे, कोल्होबा! बोलायचं असेल तर आधी हात वर करा.”

कोल्होबा निमूट हाताची घडी घालून बसले.