शिदूची गळती

एका गावात एक भोळा भाचा होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून चिडतात. भाच्याचं नाव शिदू. त्याला सांभाळलं मामांनी, म्हणजे ज्योतीराममामांनी. मामांकडे एक जुनाट जीप होती. एसटी जिथं हात जोडते तिथून पुढं ही जीप चढायची. मामांचा जीव तिच्यात होता. मामी म्हणायच्या, माझ्यात नाही तेवढा.

शिदूचं लग्न जमत नव्हतं. आलेली स्थळं त्याच्याशी दोन वाक्यं बोलून उठून जायची. आता डोंगरापलीकडच्या सर्जेरावांची इंदू तेवढी राहिली होती. "हे स्थळ गेलं तर पुढं स्थळ नाही," मामा म्हणाले.

मुलगी बघायला निघायच्या सकाळी जिपेखाली पेट्रोलचा वास आला. मामांनी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर टपटप गळत होता.

"शिदू, मी आंघोळ करून येतो. तंवर ह्याच्यावर नजर ठेव."

"बरं मामा."

मामा आंघोळ करून, गंध लावून आले. जिपेखाली पेट्रोलचं तळं आणि टाकीत खडखडाट.

"आरं, काय केलंस हे?"

"नजर ठेवली. एक थेंब सुटला नाही नजरेतून."

मामांनी कपाळाला हात लावला. "गळताना दिसलं की आधी वरचा कॉक बंद करायचा! वरनं येणारं थांबवायचं!"

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

मामांनी डब्यातलं पेट्रोल ओतलं. "आणि हे बघ. आत एक सुई असते, ती अडकली की पेट्रोल उतू जातं. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलक्या हातानं मारायची. की झाली मोकळी." टक, टक. गळती थांबली. शिदूला ते फार आवडलं. स्क्रू ड्रायव्हर त्यानं नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

सर्जेरावांच्या अंगणात मामा नळावर तोंड धुवायला बसले. तोंडाला भरपूर साबण लावला. शिदूनं पाहिलं, नळाखाली पाणी गळतंय. तो शिडीवरून टाकीवर चढला आणि वरचा कॉक बंद करून आला.

मामा डोळे मिटून चाचपडत पुढं गेले. "नमस्कार सर्जेराव! तब्येत चांगलीच सुधारली की!"

म्हैस काही बोलली नाही.

कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. मामांनी शिदूचा कान धरून त्याला गोठ्यामागं नेलं.

"माणूस अडकलाय दिसत नाही व्हय तुला? अडकलेल्याला आधी मोकळं करावं!"

"सुईसारखं?"

"हो बाबा, सुईसारखं!"

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

पोहे आले. इंदू पदर सावरून बसली. सर्जेराव खाकरले. "आमची इंदू..." म्हणाले आणि थांबले. परत म्हणाले, "आमची इंदू..." आणि पुन्हा थांबले. घाम पुसला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

शिदू उठला. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. सर्जेरावांच्या टकलावर हलक्या हातानं मूठ मारली. टक, टक.

"...भाकरी करत नाही, दिवसभर ट्रॅक्टर चालवती!" सर्जेराव बोलून गेले. इतकी वर्षं प्रत्येक पाहुण्यापासून लपवलेलं एका दमात बाहेर पडलं.

मामांनी डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं. एवढ्यात इंदू हसायला लागली. पोटावर हात धरून हसली, पोह्यांची ताटली कलंडेपर्यंत हसली.

"अण्णा, मला हाच पाहिजे," ती म्हणाली. "भाकरी ह्याला शिकवीन."

लग्न ठरलं. मामा इतके खूष झाले की जीप धुऊन घेतली. पण गळती परत सुरू झाली. नुसत्या टकटकीनं भागेना. मामांनी कार्बोरेटरची वाटी सोडवून शिदूच्या हातात दिली.

"आतली घाण काढ, फुंकून साफ कर. मग जे जे काढलंस ते सगळं परत आत बसव. बाहेर काही उरता कामा नये."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड घेऊन निघालेली जीप अर्ध्या चढावर आचके देत थांबली. मामांनी धोतर खोचून वाटी उघडली. आत चिखल.

"शिदू, साफ केली होतीस ना?"

"केली की. मग सगळं परत घातलं. एक खडा हरवला होता, त्याच्या जागी अंगणातला घातला."

करवल्या हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी स्वतः वाटी पुसली, नवं पॅकिंग बसवलं आणि शिदूला समोर उभं केलं.

"आता एकच सांगतो. गळतंय तोवर गाडी चालू करायची नाही. ठिणगी पडली तर वऱ्हाडासकट जाऊ. गळती थांबली का बघायचं, मगच किल्लीला हात. मी सांगितलं तरी ऐकायचं नाही!"

"तुम्ही सांगितलं तरी?"

"मी सांगितलं तरी!"

"बरं मामा. आता ध्यानात ठेवतो."

लग्न झोकात झालं. जेवणं झाली. वऱ्हाड ट्रकनं पुढं गेलं. नवरानवरी आणि मामा जिपेतून निघणार होते. गाडी शिदूच चालवायचा. त्यानं किल्ली लावली, उतरून जिपेखाली वाकून बघितलं. कोरडं. बॉनेट उघडून बघितलं. कोरडं. मग त्यानं नवरीकडं बघितलं.

"मामा, गळतंय."

"आरं, पोरगी माहेर सोडतीय, रडणारच! चालू कर."

"तुम्ही सांगितलं तरी ऐकायचं नाही."

इंदूनं पदरानं डोळे पुसले. "हे बघा, थांबलं. चला."

पण इकडं तिच्या आईनं हुंदका दिला. शिदू तिच्यापुढं जाऊन वाकून बघू लागला. तिची जरा थांबते तोवर सर्जेरावांची सुरू झाली. त्यांची थांबते तोवर आत्याबाईंची. ऊन कलायला लागलं. घरी मामी माप घेऊन उंबऱ्यात ताटकळत होत्या. मामांना रडूच कोसळलं.

"मामा, तुम्हीपण?" शिदू म्हणाला.

आता मात्र इंदूचं डोकं फिरलं. ती ड्रायव्हरच्या जागेवर सरकली. किल्ली फिरवली. "मामा, बसा!" मामा कसेबसे लटकले. जीप धुरळा उडवत घाट चढून गेली. शिदू तेव्हा सर्जेरावांच्या नाकाच्या शेंड्यावरच्या थेंबाकडे निरखून बघत होता.

मामींनी औक्षण केलं, तांदळाचं माप ठेवलं आणि जिपेत डोकावून बघितलं.

"आणि नवरा कुठाय?"

"गळती थांबली की येईल," इंदू म्हणाली.

तिकडं सर्जेरावांच्या ओट्यावर मुंडावळ्या बांधून शिदू एकटाच बसला होता. नवरी सासरी गेली आणि नवरा माहेरी राहिला. त्याला फार वाईट वाटलं. सर्जेरावांना त्याची दया आली. त्यांनी ट्रॅक्टर बाहेर काढला.

"चला जावईबापू, सोडतो तुम्हांला."

शिदूनं गालावरून हात फिरवला आणि ओली बोटं त्यांना दाखवली.

"नको अण्णा. अजून गळतंय."