अडलेला आशीर्वाद

एकदा एका व्यापाऱ्याने आश्रमात अन्नदान केले. काळभात या देशी तांदळाच्या सुवासाने अंगण भरून गेले. जेवणे झाल्यावर रीतीप्रमाणे तरुण शिष्याने ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणण्यासाठी हात जोडले. व्यापारीही जरा सावरून बसला. आयता आशीर्वाद कोणाला नको असतो?

तोच वृद्ध गुरूंनी हात वर केला. “थांब. आज हा आशीर्वाद द्यायचा नाही.”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “महाराज, माझ्या दानात काय उणे राहिले?”

“उणे काही नाही. पण हा तांदूळ पिकवला कोणी?”

“डोंगराकडून गाड्या येतात. कुणाचा तरी असेल.”

“मग दोघे जा आणि शोधून या.”

शिष्य मनातून चिडला होता. गाडीवानांना विचारत विचारत दोघे डोंगरातल्या शेवटच्या वाडीत पोचले. तिथे ठमाबाई नावाची म्हातारी उखळापाशी बसली होती. पिकावर विषारी औषध न फवारता, नुसत्या शेणखतावर पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या काळभाताचे बियाणेच ती कांडायला निघाली होती.

“आजी, हे बी संपले तर पेरणार काय?” शिष्याने घाबरून विचारले.

“पेरून काय करू, बाबा? गाडीत चढला की आमचा भात कुठं जातो, देव जाणे. गोड लागला म्हणून कुणी कधी सांगाया आलं नाय. येवढं जपायचं ते कुणासाठी?”

शिष्य तिच्याजवळ खाली बसला. “मी खाल्ला, आजी. दोनदा मागून घेतला.”

म्हातारीने मुसळ खाली ठेवले. “लागला ना गोड?” तिने हळूच विचारले.

व्यापाऱ्याची मान खाली गेली. “बाई, दुकानात तुमचा तांदूळ मी सगळ्यांच्या ढिगात ओतत आलो. यापुढे तो तुमच्या नावाने विकेन. घेणाऱ्यांना तुमचे शेतही दाखवीन.”

उरलेले बी तिने परत मडक्यात भरले.

दोघे परतले तेव्हा गुरू म्हणाले, “खाणारा दिसेनासा झाला की पिकवणाऱ्याचे मन कामावरून उडते. आणि पिकवणारा दिसला नाही, तर आपण नुसता भाव विचारतो. ज्याला आपण कधी शोधले नाही, त्याला ‘सुखी भव’ म्हणून काय पोचणार?”

पुढच्या सुगीला आश्रमात पुन्हा पंगत बसली. व्यापारी स्वतः वाढत होता. जेवणे झाल्यावर शिष्याने हात जोडले आणि म्हटले, “अन्नदाता सुखी भव.”

पंगतीतून ठमाबाईचा आवाज आला, “हाय बाबा, सुखी हाय.”