पालखी पुढं झुकली

ऐका हं. लांब हिमालयात, डोंगराच्या कुशीत, देवकोटी नावाचं एक गाव होतं. फार जुनं. तिथली देवळं दगडाची, आणि त्यांच्या शिखरांवर लाकडाच्या छत्र्या. बर्फ पडतो ना तिथं, म्हणून. देवालाही थंडी वाजते, बरं का.

त्या गावात देवी बोलायची. तोंडानं नाही. तिची पालखी चार भोयांच्या खांद्यावर द्यायची आणि कौल मागायचा. पालखी पुढं झुकली की हो. मागं झुकली की नाही. देवीच्या कौलाशिवाय कुणालाही गावातून काढायचं नाही, अशी तिथली रीत. राजालासुद्धा ती मोडता येत नव्हती.

देवळाशेजारी झुमकी राहायची. तिला आई नाही, बाप नाही. लौंगूकाकानं तिला वाढवलं. काका मेंढपाळ, आणि पालखीचा पुढचा भोई. झुमकीकडे बापाचं छोटं घर होतं, अंगणात गोड्या पाण्याचा झरा होता. यात्रेकरू दमून यायचे, ती त्यांना पाणी द्यायची.

एकदा काय झालं, राजाला ती जागा आवडली. इथंच महाल बांधीन म्हणाला.

झुमकी म्हणाली, "महाराज, एवढा डोंगर पडलाय. माझं घरच कशाला हवं?"

मग राजानं कौल मागितला. "देवी, या पोरीनं गाव सोडावं का?"

पालखी मागं झुकली. राजा हसला. म्हणाला, "वारा आला असेल."

मग पुन्हा विचारलं. पालखी अशी मागं गेली की देवळातल्या घंटा आपोआप वाजल्या. लोकांनी हात जोडले. राजा म्हणाला, "भोयांचे पाय घसरले. जरा विसावा घेऊ द्या त्यांना."

मग त्यानं भोयांना बाजूला नेलं. "आता देवी पुढं झुकली पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर माझ्या कुरणात तुमची एक मेंढी दिसता कामा नये."

कुरण नाही तर मेंढ्या नाहीत. मेंढ्या नाहीत तर पोरंबाळं उपाशी. काय करतील बिचारे?

मग तिसऱ्यांदा विचारलं. पालखी मागं ओढू लागली. जड, डोंगरासारखी जड. भोयांना घाम फुटला. आणि लौंगूकाकानं हळूच गुडघा वाकवला.

पालखी पुढं झुकली. शंख वाजला.

झुमकी काकाजवळ गेली. "काका, तुमचा गुडघा वाकला."

"दगड निसरडा होता गं."

"बरं," झुमकी म्हणाली.

तिनं घोंगडी गुंडाळली. शेजारणीनं तिच्या हातात मक्याची भाकरी दिली आणि म्हणाली, "देवीनंच जा म्हटल्यावर आम्ही काय करणार, बाई?" मग दार लावून घेतलं. झुमकी खिंडीच्या वाटेनं वर गेली. तिनं मागं पाहिलं नाही. तिच्यामागं कुणी गेलंही नाही.

म्हणजे, माणूस कुणी गेलं नाही.

भोयांनी पालखी देवळात न्यायला उचलली, तर ती रिकाम्या टोपलीसारखी हलकी! चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तशीच आत नेऊन ठेवली. मूर्ती जागेवर होती, मुकुट होता, फुलं होती. देवी तेवढी नव्हती.

मग राजाचं काय झालं म्हणता? काही नाही झालं. महाल झाला. झरा वाहत राहिला. मेंढ्या चरत राहिल्या. आणि त्या दिवसापासून राजा जे विचारील त्याला पालखी पुढंच झुकायची. लोक म्हणायचे, "किती दयाळू देवी! कधी नाही म्हणत नाही." तिची कीर्ती झाली. लांबून लांबून यात्रेकरू येऊ लागले. डोकं टेकायचे, घंटा वाजवायचे आणि समाधानानं घरी जायचे.

लौंगूकाका मात्र ती हलकी पालखी उचलताना वाकायचा, धापा टाकायचा, ती फार जड असल्यासारखं पाय ओढत चालायचा. लोकांना कळू नये म्हणून. म्हातारा होईपर्यंत तो तसाच चालला.

बाकी सगळे सुखात राहिले.

आणि झुमकी? झुमकी जिथं गेली तिथं देवी होती रे, बाळांनो. वादळात तिच्या अंगावर बर्फाचा कण पडला नाही. रानातल्या अस्वलानं तिला वाट दिली. पण घर नव्हतं. देवीलासुद्धा ते तिला परत देता आलं नाही.

पांघरूण घ्या नीट. डोळे मिटा. झोपा आता.