दप्तरास ऊन

देशावर एका जुन्या तलावाच्या खालच्या अंगाला तांबुळवेढे नावाची पेठ होती. तिचा कारभार नगरसभा पाहत असे, आणि त्या सभेचा प्रमुख त्रिंबकशेट नावाचा धान्याचा व्यापारी होता. तो लबाड नव्हता. सभेच्या पैशांतील एक कवडीही त्याने कधी घरी नेली नाही. त्याचा दोष एवढाच, की जी वस्तू आज उपयोगी दिसत नाही, तिच्यावरील खर्च त्याला उधळपट्टी वाटे.

नगरसभेचे उत्पन्न म्हणजे विक्रीकर. बाजारात जो माल विकला जाई, त्याच्या किमतीवर ठरलेला कर विकणाऱ्याने भरावा, असा नियम होता. या नियमातून फक्त घोंगड्या विणणारे सणगर वगळलेले होते, आणि त्याला तसेच कारण होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तलावाच्या बांधाला भगदाड पडले. लोकांनी माती टाकली, दगड टाकले. पाण्याने सर्व वाहून नेले. तेव्हा सणगरांनी वर्षभर विणून बाजारासाठी ठेवलेल्या घोंगड्या घरांतून बाहेर काढल्या, त्यांत माती भरून गाठोडी बांधली आणि ती भगदाडात लोटली. लोकर भिजून जड झाली, गाठोडी एकमेकांना धरून बसली आणि जागची हलली नाहीत. बांध राहिला, पेठ राहिली. सणगरांच्या मुलांना मात्र त्या हिवाळ्यात पांघरायला काही उरले नाही. म्हणून नगरसभेने देवळापुढे लोक जमवून ठराव वाचला, की सणगरांच्या घोंगड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कर घेऊ नये. तो कागद दप्तरखान्यात, बाजाराच्या मूळ सनदेशेजारी ठेवण्यात आला.

दप्तरखाना म्हणजे चावडीमागची एक बुटकी दगडी खोली होती. तेथे सर्व कागद कापडी रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेले असत. नागोपंत नावाचे वृद्ध दप्तरदार त्यांची राखण करीत. दर वैशाखात ते चार बायामाणसे मजुरीने लावून सगळे रुमाल अंगणात सोडवीत, कागद उन्हात पसरीत, कागद खाणारी कसर झटकीत, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पुन्हा बांधून ठेवीत. ही चाल कोणी पाडली, हे कोणास ठाऊक नव्हते. ती चालत आली होती, एवढे खरे.

एके वर्षी अंदाजपत्रक वाचताना त्रिंबकशेटचे बोट एका ओळीवर थांबले. ‘दप्तरास ऊन दाखविणे, मजुरी व नवे रुमाल’ अशी ती ओळ होती.

“नागोपंत,” तो म्हणाला, “आपल्या गावात ऊन विकत घ्यावे लागते, हे मला ठाऊक नव्हते.”

सभा हसली. एक सभासद म्हणाला, “शेट, चांदण्याचे काय पडते तेही विचारून घ्या. पुढच्या वर्षी ते निघायचे.”

सभा पुन्हा हसली. नागोपंत हसले नाहीत.

“ऊन फुकटच आहे,” ते म्हणाले, “पण कागद आपल्या पायांनी अंगणात जात नाहीत.”

“मग या वर्षी बसू द्या त्यांना घरात. वय झाले आहे त्यांचे.”

ती ओळ खोडण्यात आली. वाचलेल्या पैशांत सभागृहाच्या बैठकीला नवे तक्के आले, आणि त्रिंबकशेटच्या काटकसरीची सर्वांनी वाखाणणी केली. एकदा खोडलेली ओळ पुढील अंदाजपत्रकांत पुन्हा आली नाही. नागोपंतांनी एकट्याने थोडे रुमाल उन्हात नेऊन पाहिले. पण त्यांचे हात कापत असत आणि वाऱ्याने कागद उडत. पुढे ते वारले. दप्तराकडे तसेही कोणी जात नाही, असे म्हणून सभेने त्यांची जागा भरली नाही. खोलीला कुलूप लागले.

त्यानंतरची काही वर्षे चांगल्या पिकाची गेली. बाजार भरभरून वाहिला, करही वाढला. विक्री अशीच दरसाल वाढत जाणार, असे धरून सभेने छपराची मोठी मंडई बांधायला घेतली. सुकाळामागून मंदीची वर्षे येतात आणि तेव्हा कर निम्म्यावर येतो, असे जुने हिशोब सांगत होते. परंतु ते कुलुपात होते, आणि ते पाहावे असे कोणाच्या मनातही आले नाही. मग पाऊस रुसला. गिऱ्हाईक आटले. मंडईचे खांब उभे राहिले आणि छपरावाचून तसेच राहिले. गवंडी थकलेल्या मजुरीसाठी रोज सकाळी त्रिंबकशेटच्या दुकानासमोर येऊन बसू लागले.

मंदीतही एकाच मालाचा खप टिकून होता. थंडी दुष्काळाला ओळखत नाही. घोंगड्या विकल्या जात होत्या. सभेची नजर तिकडे गेली.

सणगरांना बोलावणे गेले. त्यांचा म्होरक्या धुळाजी नावाचा एक म्हातारा विणकर होता. तो सभेत आला, पायऱ्यांशी वहाणा काढून उभा राहिला आणि म्हणाला, “शेट, आम्हांला कर माफ आहे. तुमचाच कागद आहे.”

“असेल तर पाहू या,” त्रिंबकशेट म्हणाला, आणि त्याने दप्तरखान्याचे कुलूप काढविले.

आत सर्व रुमाल पूर्वीसारखे फळ्यांवर रचलेले होते. वरून कापडाला डागही नव्हता. त्रिंबकशेटने एक रुमाल उचलला. तो हाताला अगदी हलका लागला. त्याने गाठ सोडली. आत वाळवीची माती होती. दुसऱ्यात माती होती, तिसऱ्यातही माती होती. जो कागद हवा होता तो गेला होता. आणि त्याच्यासोबत आणखी काय गेले, हे सांगणाराही कोणी नव्हता.

तो सभेत परतला. लोक त्याच्या तोंडाकडे पाहत होते. धुळाजीही पाहत होता.

“कागद नाही,” त्रिंबकशेट म्हणाला.

“नसू द्या,” धुळाजी म्हणाला. “तुम्ही आहात की. त्या दिवशी बांधावर माझ्या हातातले गाठोडे तुम्हीच घेतलेत. तेव्हा तुम्हांला मिसरूड फुटत होती. तुमचा पाय घसरला, मी कमरेला धरले. म्हणालात, ‘धुळाजी, सोडू नको.’ मी सोडले नाही.”

त्रिंबकशेटला सर्व आठवत होते. भिजलेल्या लोकरीचा वास आठवत होता. कमरेवरची ती पकडही आठवत होती. त्याने एक शब्द उच्चारला असता, तर सणगरांचा हक्क राहिला असता. मात्र मंडईचे पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न तसाच उरला असता, आणि दप्तर कोणाच्या काटकसरीने मातीत गेले, हाही प्रश्न निघाला असता. तो तक्क्याला टेकला.

“मला आठवते की नाही, हा प्रश्नच नाही, धुळाजी. तू कागद दाखव.”

“कागद सांभाळायला तुमच्याकडे दिला होता, शेट.”

“सभेला कागद लागतो.”

धुळाजीने वाद घातला नाही. “बरे,” एवढेच म्हणून त्याने वहाणा पायांत घातल्या.

त्याच बैठकीत सभेने ठराव केला, की कागदावाचून कोणाचाही जुना हक्क मान्य करू नये आणि केवळ आठवण हा पुरावा समजू नये. ठराव उत्तम कागदावर, सुंदर अक्षरात लिहिला गेला. त्रिंबकशेटने सही केली. नव्या कराला सुभेदाराची मंजुरी लागत असे, म्हणून ठरावाची एक प्रत सुभ्याच्या कचेरीत पाठविण्यात आली. तेथील दप्तरदार दर वैशाखात आपल्या कागदांना ऊन दाखवीत असे.

सणगरांनी एक वर्ष कर भरला. पुढच्या वर्षी त्यांनी माग सुटे केले, गाड्यांवर चढविले आणि नदीपलीकडच्या शेळवली गावी जाऊन उभे केले. त्यांच्यामागे लोकर आणणारे मेंढपाळ गेले. मेंढपाळ ज्यांच्याकडे पीठमीठ घेत, ते वाणीही गेले. घोंगड्यांवरचा कर तर बुडालाच, पण त्या करासाठी ज्यांना दुखविले नव्हते त्यांचाही कर कमी होत गेला.

मग नवा सुभेदार आला. शेळवलीच्या लोकांनी आपल्या गावी बाजार भरावा म्हणून अर्ज केला होता. इतक्या जवळ दोन बाजार चालू द्यायचे नाहीत, असा राज्याचा नियम होता. सुभेदाराने तांबुळवेढ्याला विचारणा केली, की तुम्ही बाजार भरविता आणि कर घेता तो कोणत्या सनदेने? सनद सादर करावी. नसल्यास बाजार शेळवलीस दिला जाईल.

सनद त्या मातीत होती.

त्रिंबकशेट रात्रंदिवस विचार करीत बसला. बाजार गेला, तर पेठेला पोट भरण्याचे दुसरे साधन नव्हते. पूर्वी देवळापुढे सनद वाचली जाताना ऐकलेली माणसे आता फार थोडी उरली होती, आणि जी पेठेत होती ती सर्व सभासद किंवा व्यापारी होती. त्यांच्या स्वार्थाची साक्ष कोण मानणार? ज्याला लाभ नाही असा साक्षीदार हवा होता. अखेर तो नदी ओलांडून शेळवलीस गेला. धुळाजी मागावर होता.

“धुळाबा,” त्रिंबकशेट म्हणाला, “तुमच्याकडे एक काम होते.”

धुळाजीने धोटा थांबविला. “आज ‘तुम्ही’ म्हणालात, शेट. काम मोठे दिसते.”

त्रिंबकशेटने खाली मान घालून सर्व सांगितले. मागाच्या पलीकडून धुळाजीची सून म्हणाली, “मामंजी, बाजार इकडे आला तर आपल्या दारात गिऱ्हाईक येईल. तुम्ही कशाला तिकडची साक्ष देता? त्यांनी दिली होती का?”

धुळाजीने धोटा बाजूला ठेवला. “त्यांनी नाही दिली,” तो म्हणाला. “म्हणून काय झालेली गोष्ट न झालेली होते? उद्या येतो, शेट.”

तो आला. सुभेदारापुढे उभा राहून त्याने सरळ सांगितले, की बाजार आपल्या आजाच्याही आधीपासून तांबुळवेढ्यास भरतो, सनदेचे वाचन देवळापुढे होत असे, ते आपण लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ऐकले आहे, आणि सनदेला तांबडी मोहर होती. सुभेदार लक्ष देऊन ऐकत होता. हा मनुष्य शेळवलीत राहतो आणि शेळवलीच्या नुकसानीची साक्ष देतो, हे पाहून त्याचे मन वळले होते.

“हा खरे बोलतो,” तो कारकुनाला म्हणाला. “याची जबानी लिहून घ्या.”

कारकुनाने दौत पुढे ओढली, पण लिहिले नाही. त्याने एक कागद सुभेदारापुढे ठेवला. कागद कोरा करकरीत राहिला होता. अक्षर न्‌ अक्षर स्वच्छ होते.

सुभेदाराने तो वाचला. मग त्रिंबकशेटला विचारले, “केवळ आठवण हा पुरावा समजू नये, हा ठराव तुमच्या सभेचा?”

“होय.”

“ही सही?”

“माझी.”

“मग मी तुमच्यासाठी वेगळा न्याय कोठून आणू?” सुभेदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने कागद घडी करून कारकुनाला परत दिला, आणि बाजार शेळवलीस दिला.

बाहेर आल्यावर त्रिंबकशेटला वाटले, धुळाजी आता काही लागट बोलेल. धुळाजी वहाणा शोधीत होता. त्या सापडल्यावर तो म्हणाला, “नदीला उतार आहे तोवर निघतो, शेट. तुम्हीही जपून जा.” आणि तो गेला.

पेठ एकदम मोडली नाही. आधी कासारांनी दुकाने हलविली, मग तेल्यांनी. छपरावाचूनच्या मंडईत गुरे बसू लागली. सभेचे तक्के उंदरांनी फोडले, आणि पुढे सभा भरायचीच राहिली. त्रिंबकशेट मात्र गाव सोडून गेला नाही. गिऱ्हाईक नसतानाही तो रोज दुकान उघडी आणि सायंकाळी बंद करी.

एका कडक उन्हाळ्यात तलाव तळाला गेला. बांधाच्या आतल्या अंगाला, चिखलात रुतलेले काळ्या लोकरीचे एक टोक उघडे पडले. त्रिंबकशेट तेथे जाऊन बसत असे. एकदा एक वाटसरू हातपाय धुण्यास उतरला. ते टोक काठीने उचकून त्याने विचारले, “हे काय आहे, बाबा?”

त्रिंबकशेटने त्याला सर्व हकीगत सांगितली. बांध कसा फुटला, घोंगड्या कोणी दिल्या, गाठोडे कोणाच्या हातून कोणाच्या हातात आले, आपला पाय घसरला तेव्हा कमरेला कोणी धरले, आणि सणगरांना सभेने काय वचन दिले होते. ही साक्ष तो प्रथमच देत होता.

वाटसरूने ऐकून घेतले. त्याला उन्हाच्या आत पुढचे गाव गाठायचे होते.

“असेल, बाबा,” तो म्हणाला, आणि काठी चिखलातून उपटून चालू लागला.

तात्पर्य: सोयीसाठी दुसऱ्याचे सत्य नाकारणारा मनुष्य न्यायाचे जे माप घालून देतो, त्याच मापाने एके दिवशी त्याचेही सत्य नाकारले जाते. म्हणून कागद वेळेवर जपावा. आणि तो गेलाच, तर ज्याला सत्य ठाऊक आहे त्याने ते बोलण्याची वेळ दवडू नये.