दुधाच्या दातांची शर्यत

त्या मुलखात बालपण दुधाच्या दातांवर मोजत. शेवटचा दात पडला की पोर थोरांत गेलं. मग त्याने पाणवठ्यावर आपली पाळी येईपर्यंत गप उभं राहायचं, सभेत मागे बसून मान डोलवायची, आणि उतारावर खेळायचं नाही. उतार लहानांचा. वर्षातून एकदा, गवत पिवळं पडलं की, तिथे लाकडी गाड्यांची शर्यत होई, आणि दुधाचा एक तरी दात तोंडात असेल त्यालाच गाडी सोडता येई.

शर्यत भरवायचं काम साळूआत्याकडे होतं. ही एक म्हातारी साळिंदर. तिने अंगावरचे काटे सळसळवले की गाड्या सुटत. मागच्या वर्षी मात्र पहिल्या गाड्या सुटल्यावर थोरच एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. कुणाची गाडी बापाने करून दिलेली निघाली, कुणाच्या गाडीच्या पोटात दगड निघाला. त्या भांडणापायी पोरांचं एकत्र खेळणं कितीतरी दिवस बंद पडलं. म्हणून यंदा आत्याने मनाशी धरलं, की शर्यत अशी चोख करायची की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

तिने मऊ लाकडाचं एक पांगाऱ्याचं झाड पाडून घेतलं आणि प्रत्येक पोराला सारखा ठोकळा दिला. चाकं सारखी, कण्याला कामट्या सारख्या, करंजाचं तेल सगळ्यांना एकाच करवंटीतलं. गाडी पोराने स्वतः करायची. मग काय, सगळा मुलूख खरवडण्याच्या आवाजाने भरून गेला. पोरं जेवायला येईनात, आली तर ठोकळा मांडीवर घेऊनच बसत. ससुल्यांनी गाडीला कान केले. वानरीच्या जुळ्यांनी गाडीवर एवढी चित्रं काढली की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळेना.

हत्तीचा मुलगा ढोल्या याची गाडी मात्र आरशासारखी गुळगुळीत होऊन आली.

"हत्तीभाऊ, खरं सांगा. गाडीला हात नाही ना लावलात?" आत्याने विचारलं.

"हात? मला हात कुठे आहेत, आत्या?"

"मग सोंडेचं विचारते."

हत्तीने सोंड हळूच पाठीमागे नेली. ढोल्याला दुसरा ठोकळा मिळाला, आणि या खेपेला त्याने केलेली गाडी पेरूसारखी झाली. तो ती छातीशी धरून गावभर दाखवत हिंडला.

या सगळ्यांत घाई होती ती मुंगसाच्या ठिणगीला. ठिणगीचे बाकीचे दात पडून गेले होते. दुधाचा एकच उरला होता, आणि तोही हलत होता. मागच्या वर्षी भांडणात तिची गाडी सुटायचीच राहिली होती. आता हा दात आहे तोवर सुटली तर सुटली. दात जपायचा म्हणून ती अंड्याचं पिवळं तेवढं चाटे, हसायचं झालं तर ओठ मिटून हसे, आणि शिंक आली की नाक दोन्ही हातांनी आवळून धरी.

बाजाराच्या दिवशी शर्यत ठरली. आदल्या सांजेला आत्याने पोरांचे दात तपासले.

"आ कर. हलतोय गं हा."

"हलतोय, पण आहे ना?"

"आहे बाई, आहे," आत्या म्हणाली, आणि तिने लगेच तोंड मिटायला लावलं. उगाच वारा लागायला नको.

तेवढ्यात हत्ती आला.

"आत्या, राग मानू नका. ढोल्याच्या वाट्याला डावी पट्टी आली. ती माथ्याशी बोटभर कमी उंच आहे. मी बसून बघितलं, उभं राहून बघितलं."

उतारावर गाड्यांच्या तीन पट्ट्या होत्या. आत्याने चिरलेला बांबू आडवा ठेवून त्यात पाणी ओतलं. पाणी खरंच किंचित डावीकडे सरकलं. आता डाव्या पट्टीवर भर घालावी, तर नवी माती भुसभुशीत, चाक रुतायचं. म्हणून बाकीच्या दोन पट्ट्या खरवडायचं ठरलं. घुशींची टोळी कामाला लागली. निघालेली माती त्यांनी बाजूला ओतली. शर्यत पुढच्या बाजारावर गेली.

पुढच्या बाजारी वानरमावशी आली. तिची जुळी दोन्ही बाजूंनी तिला लोंबकळत होती.

"माझं काही म्हणणं नाही बाई. पण उजवी पट्टी आता गरजेपेक्षा जास्त खरवडली गेलीय, एवढंच. माझी पोरं काय, हरतील आणि घरी येतील. मी एक शब्द काढायची नाही."

हे ती संध्याकाळपर्यंत म्हणत राहिली. पुन्हा बांबू आला, पाणी आलं. पाणी उजवीकडे गेलं. घुशींनी डावी आणि मधली खरवडली. मग मधलीवाले आले. मग पुन्हा हत्ती आला. दर खेपेला कुणाचं तरी खरं असे, आणि आत्याला कुणाला नाही म्हणवेना. माती निघे, बाजूला पडे. बाजूच्या त्या मातीवर चढलं की पट्ट्या नीट दिसत, म्हणून थोर मंडळी आता तिथेच उभी राहून तक्रार करू लागली. ढीग वाढेल तसं त्यांना आणखी बारीक दिसू लागलं.

ठिणगी रोज उताराशी येऊन बसे. गाडी मांडीवर, ओठ गच्च मिटलेले. तिचं एक चाक थोडं तिरपं होतं, तिला ते ठाऊक होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गाडी वेडीवाकडी का होईना, वरून खाली धावताना तिला बघायची होती. आत्या जाता येता तिच्याकडे बघे. ठिणगी न बोलता मान हलवी. आहे. अजून आहे.

शेवटी तो बाजार आला, ज्या दिवशी कुणाची तक्रार उरली नाही. बांबूतलं पाणी ना इकडे गेलं, ना तिकडे. हत्तीने सोंडभर पाणी आणून पट्ट्यांच्या माथ्यावर ओतलं, तर तेही जागच्या जागी थांबलं.

"बघा! हललं नाही!" तो ओरडला, आणि ढिगावरून टाळ्या पडल्या.

पट्ट्या झाडल्या, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. पहिल्या तीन गाड्या लागल्या. ढोल्याची, जुळ्यांची, आणि मधोमध ठिणगीची. पोरांना उभं राहवेना. ससुले जागच्या जागी उड्या मारत होते. ढोल्याचे कान असे फडफडत होते की शेजारच्या गाडीवरची धूळ उडाली. ठिणगीची शेपटी फुलून दुप्पट झाली होती. गाड्यांपुढे आडवी फळी होती. आत्याने काटे सळसळवले आणि फळी उचलली.

गाड्या होत्या तिथेच राहिल्या.

पोरांनी श्वास धरला होता तो तसाच राहिला.

"सुटल्या का?" ढोल्याने हळूच विचारलं.

ढिगावर मात्र आनंदीआनंद झाला. "कुणाची पुढे नाही, कुणाची मागे नाही!" हत्ती म्हणाला. "अशी न्यायाची शर्यत आपल्या मुलखात झालेलीच नाही!" वानरमावशीने पदोपदी तक्रार करणाऱ्या हत्तीला मिठी मारायचा प्रयत्न केला.

आत्या वाकून चाकांकडे बघत राहिली. मग तिने पट्टीकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचे काटे आपोआप खाली बसले.

"उतारच राहिला नाही," ती म्हणाली.

ढिगावर कुजबूज झाली. मग चर्चा झाली. पुढच्या वर्षी दुसरा उतार बघावा असं निघालं. कुणी म्हणालं, आधी तो सगळ्यांनी मिळून मोजावा. कुणी म्हणालं, त्यासाठी सभा घ्यावी. ठिणगी त्यांच्याकडे वर बघत होती. कधी वर, कधी त्यांच्या पायांखाली. तिने गाडी उचलली आणि इतके दिवस मिटून ठेवलेलं तोंड उघडून ती सगळा जोर लावून ओरडली,

"अहो, खाली उतरा की!"

ओरडण्याबरोबर दात निघाला आणि मातीत पडला.

ठिणगीने जिभेने जागा चाचपली. तिचा चेहरा एवढासा झाला.

"पोर गुणाची आहे," वानरमावशी वरून म्हणाली, "पण नियम आपणच केलाय. ठिणगी थोरांत गेली."

तेव्हा ढोल्याने सोंड गुंडाळून तोंडावर घट्ट दाबली. त्याला बघून जुळ्यांनी गाल फुगवून ओठ मिटले. ससुल्यांनी कान खाली ओढून तोंडावर बांधले. एकेक करत उतारावरच्या सगळ्या पोरांची तोंडं बंद झाली. आत्या ढोल्यापाशी गेली.

"आ कर."

ढोल्याने नाही म्हणून मान हलवली.

"तू कर रे."

एका जुळ्याने मान हलवली. दुसऱ्यानेही. आत्या रांगेच्या शेवटापर्यंत जाऊन आली. कुणी तोंड उघडेना.

"ह्यांच्यातलं लहान कोण आणि थोर कोण, मला काही दिसत नाही," तिने ढिगाकडे बघून सांगितलं. "माझ्या दृष्टीने सगळे सारखे. मंडळी, तुम्ही आता उतरता का? पोरांना वर यायचंय."

हत्तीला कळायला थोडा वेळ लागला. त्याने पायांखाली बघितलं, मग तो जपून, एक एक पाय टाकत खाली उतरला. त्याच्या मागे वानरमावशी, तिच्या मागे बाकीचे. ढीग रिकामा होतो न होतो तोच पोरं गाड्या डोक्यावर धरून वर धावली.

ढीग सगळीकडून उतरता होता. कुठे उभा, कुठे आडवा, कुठे मधेच दगड. त्यावर पट्टी नव्हती, रेघ नव्हती. आत्याने काटे सळसळवले आणि गाड्या सुटल्या, जिकडे तोंड तिकडे! ढोल्याचा पेरू गडगडत गेला. जुळ्यांची गाडी उलटी होऊन मागच्या बाजूने पुढे निघाली. ठिणगीची गाडी तिरप्या चाकावर असं सुंदर वळण घेत गेली की ती बघायला तीन जण आपली गाडी विसरले. मिटलेली तोंडं केव्हाच उघडली होती.

"आता तू माझ्या बाजूनं सोड, मी तुझ्या बाजूनं!"

"ह्या बाजूला लई पळते रे, सगळ्यांनी एकेकदा इथनं!"

"आत्या, अजून एकदा वाजव ना काटे!"

खाली थोर मंडळी गोल उभी होती, आणि ज्याच्या त्याच्या पायाशी भलत्याचीच गाडी येत होती. वानरमावशी कान असलेली गाडी पोटाशी धरून ससुल्यांना हाका मारत होती. हत्तीने आपल्या पायाशी आलेली गाडी सोंडेने उचलली, तिरप्या चाकात अडकलेलं गवत अलगद काढलं आणि धूळ फुंकली.

"ठिणगे, तू नको येऊस खाली. मी आणतो!" तो ओरडला आणि गाडी सोंडेत उंच धरून ढीग चढू लागला.

पलीकडे तिन्ही पट्ट्या उन्हात पडून होत्या. झाडलेल्या, सपाट, फक्कीच्या रेघा सरळसोट. त्यांच्यावर एकाही चाकाची खूण नव्हती.