नारबाचा चिमटा

कोरेवाडीत एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव नारबा. तसे भोळे लोक गावोगाव एकदोन असतात, पण कोरेवाडीत एकटा नारबाच होता आणि तो साऱ्या गावाला पुरून उरायचा. घरात आई आणि गंगी नावाची म्हैस. सांगितलेलं काम नारबा अगदी मनापासून करायचा. सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

गावात ज्ञानू वस्तादांनी तालमीच्या जागी जिम काढली, तसा नारबाला शरीर कमावायचा नाद लागला. सहा महिने त्याने तुपाकडे पाहिलं नाही की गुळाकडे पाहिलं नाही. अंगावर फॅट म्हणून ठेवायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. फॅट मोजायला वस्तादांनी त्याला लाल प्लॅस्टिकचा एक चिमटा दिला होता. पोटाची कातडी त्यात धरायची, दाबायची आणि आकडा वाचायचा.

"नारबा, एक ध्यानात ठेव," वस्ताद म्हणाले. "नुसत्या डोळ्यांनी माणसाची पारख करायची न्हाई. डोळा फसवतो. आधी चिमटा, मग बाकीचं."

"बरं," नारबा म्हणाला.

त्याच दिवशी मल्हारीतात्या त्याला बघायला आले. तात्या म्हणजे एके काळचे नामी पैलवान. कुस्ती सुटली होती, खुराक सुटला नव्हता. त्यांची मुलगी कुसुम नारबाला द्यायचं घाटत होतं, आणि नारबाचा तर कुसुमवर जीव जडला होता. तात्या खाटेवर टेकले. खाट कुरकुरली.

"काय जावईबापू," तात्या हसून म्हणाले, "ओळखलं का आम्हांला?"

नारबाला वाटलं, पारख करायची वेळ आली. त्याने तात्यांचा सदरा वर केला, पोट चिमट्यात धरलं आणि आकडा वाचला.

"एकतीस," तो म्हणाला. "आता ओळखलं."

तात्या ताडकन उठले. "जत्रेत शरीरसौष्ठवाची स्पर्धा हाय. तिच्यात पहिला आलास तरच सुपारी फोडू. न्हाईतर आमच्या कुसुमला स्थळं काय कमी न्हाईत," असं म्हणून ते चहा न घेताच चालते झाले.

नारबा धावत वस्तादांकडे गेला आणि त्याने घडलेलं सांगितलं. वस्तादांनी कपाळावर हात मारला.

"अरे येड्या, दुसऱ्याच्या अंगाला असा हात लावत्यात व्हय? आधी विचारायचं, हात लावू का म्हणून. हो म्हटलं तरच लावायचा."

"बरं, म्होरल्या बारीला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच रानात गेली आणि गंगीची धार काढायची पाळी नारबावर आली. तो बादली घेऊन गंगीसमोर उभा राहिला.

"गंगे, हात लावू का?"

गंगी रवंथ करत राहिली. नारबाने पुन्हा विचारलं. मग 'गंगूबाई' म्हणून विचारलं. गंगीने शेपटीने एक माशी हाकलली. दुपारी आई आली तेव्हा डेअरी बंद झाली होती, गंगीची कास तटतटून फुगली होती आणि नारबा हात जोडून तसाच उभा होता.

"काय म्हणावं या पोराला," आई म्हणाली. "तिला कोण विचारतं? पाठीवर थाप मारायची, पुढ्यात पेंडीची पाटी सारायची, कोमट पाण्याचा हबका मारायचा. मग बघ कशी गुमान उभी राहते."

"बरं, म्होरल्या बारीला तसंच करतो."

त्याच संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक नावं लिहून घ्यायला जिममध्ये आले. चष्मा, सफारी, बगलेत फाइल. वस्तादांनी नारबाला हळूच सांगितलं, "साहेबांकडं जरा बघ हं." नारबाने घरून पाटी-बादली आणली आणि बघितलं. त्याने साहेबांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली, पेंडीची पाटी पुढ्यात सारली आणि कोमट पाण्याचा हबका मारला. साहेब गुमान उभे राहिले, एवढं मात्र खरं. त्यांचा चष्मा पेंडीत पडला होता आणि चष्म्याशिवाय त्यांना दार दिसत नव्हतं.

वस्तादांनी साहेबांच्या हातापाया पडून नारबाचं नाव कसंबसं यादीत घालून घेतलं. मग ते नारबाकडे वळले.

"अरे येड्या, कुणी समोर येऊन आपल्याकडं टक लावून बघायला लागलं की आपण काय बी करायचं न्हाई. फकस्त उभं राहायचं. पोट आत, छाती भाईर, दंड फुगवून, तोंडावर हसू. समोरचा जाईस्तवर हलायचं न्हाई."

"बरं, म्होरल्या बारीला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी नारबा बारा उकडलेली अंडी घेऊन ओसरीवर जेवायला बसला. एवढ्यात पाटलांचं कुत्रं आलं आणि त्याच्याकडे टक लावून बघायला लागलं. नारबा ताडकन उठला. पोट आत, छाती बाहेर, तोंडावर हसू. कुत्र्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग एकेक करत बारा अंडी खाल्ली, ताट चाटलं आणि निघून गेलं. नारबाने श्वास सोडला. कुत्रं दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी एका मित्राला घेऊन आलं. पंधरा दिवसांत कुत्रं अंगाने दुप्पट झालं आणि नारबाची हाडं मोजता येऊ लागली. वस्तादांनी चिमटा लावला तर आकडा आला सहा. वस्ताद खूश झाले आणि जास्त चौकशीच्या भानगडीत पडले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी नारबा गंगीचं दूध घालायला डेअरीवर गेला. सेक्रेटरी करवादले, "साय वर तरंगती हाय. दूध ढवळल्याबिगर फॅट खरी लागत न्हाई, किती वेळा सांगायचं? मोजायच्या आधी चांगलं ढवळून आणत जा."

नारबा मनात दचकला. आज तर त्याचीही फॅट मोजणार होते, आणि तो कधीच ढवळलेला नव्हता. जत्रा तीन कोसांवर. तो अख्खी वाट बेडूकउड्या मारत गेला. चढावर गिरक्या घेतल्या आणि देवळाच्या टेकडीवरून खाली आडवा गडगडत आला. मंडपात पोहोचला तेव्हा त्याचे डोळेसुद्धा फिरत होते. वस्तादांनी त्याला धुतला, तेल लावलं आणि साहेबांपुढे उभा केला. साहेबांनी चार हात लांबूनच चिमटा लावायला लावला. आकडा आला तीन. तालुक्यात कुणाची इतकी कमी फॅट कधी लागली नव्हती.

मग सगळे गडी मंचावर उभे राहिले. पाच मिनिटांत एकेकाचं पोट सुटायला लागलं, दंड थरथरायला लागले. नारबा मात्र ढिम्म. समोर हजारभर लोक टक लावून बघत होते आणि कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून तोही हलत नव्हता. पहिला नंबर नारबाचा आला. मल्हारीतात्यांनी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "सोमवारी सुपारी फोडायला येतो." नारबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काहीतरी बरोबर झालं होतं.

वस्तादांनी त्याला बाजूला घेतलं. "नारबा, तीनवर आणणं सोपं, तीनवर टिकवणं अवघड. आता जपायचं. घराच्या उंबऱ्याच्या आत फॅट येऊ द्यायची न्हाई."

"आणि आली तर?"

"दारातनंच परत पाठवायची. मग कुणी का आणंना, कितीबी गोड बोलंना."

"बरं," नारबा म्हणाला.

सोमवार उजाडला. आईने अंगण सारवलं, उसनी सतरंजी अंथरली आणि ती पुरण वाटायला मागच्या परसात गेली. मल्हारीतात्या आले. मागे दहा पावणे, हातात सुपारी, नारळ, पेढ्यांचा पुडा. नारबा दारातच उभा होता. मागची चूक तो विसरला नव्हता. त्याने अदबीने विचारलं,

"तात्या, हात लावू का?"

तात्यांना वाटलं, पोरगं पाया पडतंय. त्यांना भरून आलं. "लाव की, जावईबापू. इचारायचं काय त्यात?"

नारबाने खिशातून चिमटा काढला, सदरा वर केला आणि आकडा वाचला.

"एकतीसच," तो म्हणाला, आणि आत होऊन त्याने दाराला कडी घातली.

बाहेर बराच वेळ आरडाओरडा चालला. नारळ दारावर येऊन फुटला. मग बैलगाडी वळल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. आई पुरणाच्या हातांनी परसातून धावत आली.

"नारबा, कोण आलं होतं रे?"

नारबाची छाती अभिमानाने फुगली होती.

"फॅट आली होती, आई," तो म्हणाला. "लई गोड बोलत होती. पर दारातनंच परत पाठवली."