पलीकडचा हात

माणदेशातल्या खडकताकळी गावी त्या वर्षी खेमनाथ महाराज चातुर्मासासाठी राहिले होते. बिरोबाच्या देवळाचा ओटा हीच त्यांची बैठक. अंगावर एक पंचा, आणि समोर येईल त्याच्याशी घरच्यासारखं बोलणं. गाव धनगरांचं आणि घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचं. त्या काळी सनगर गल्लीत दिवसभर मागांचा आवाज चाले. आता तिथे सारं शांत आहे. पण महाराजांची ही लीला तिथल्या लेकीसुनांनी विसरू दिली नाही.

दर दसऱ्याला बिरोबाच्या आसनावर नवी काळी घोंगडी अंथरायची, हा मान गल्लीतल्या सिदाप्पाच्या घराचा. रीत मात्र कडक होती. देवाच्या घोंगडीला त्या घरच्याच माणसांचे हात लागायचे, परका हात चालत नसे. सिदाप्पा आणि त्याची बायको ठकूबाई, दोघं मिळून बावीस वर्षं ती घोंगडी करत आली होती.

घोंगडी विणण्याआधी लोकरीच्या सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत लांबच्या लांब ताणून बांधतात आणि त्याला चिंचोक्याची खळ लावतात. हे काम दोघांचं. एक अलीकडून, एक पलीकडून, दोघांचे कुंचे बरोबरीनं पुढे सरकले पाहिजेत. एक बाजू आधी वाळली तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो. मान वर करायची सोय नसते, म्हणून अलीकडचा हाक देतो, "हाय का?" आणि पलीकडचा म्हणतो, "हाय, हाय."

त्या वर्षी ज्येष्ठात सिदाप्पा गेला. मूलबाळ नव्हतं. ठकूबाई एकटी उरली.

दिवसपाणी आटोपल्यावर ती महाराजांकडे आली. म्हणाली, "महाराज, देवाकडं काय मागू आता?"

महाराज म्हणाले, "मागणं राहू दे, बाई. रोज दिवेलागणीला, जे उरलं आहे त्याचे उपकार मान."

"उरलंय काय माझ्याजवळ?" ठकूबाई चिडून बोलली.

"ते मी कसं सांगू? घरी जाऊन बघ."

रिकाम्या घरात ती बसून राहिली. पहिल्या दिवशी तिला फक्त चुलीतला विस्तव दिसला. त्याला हात जोडले. दुसऱ्या दिवशी कणगीतली बाजरी दिसली, मग स्वतःचे हात. हळूहळू तिला सवय लागली. पण सिदाप्पाची पगडी ज्या खुंटीवर असे, तिच्याकडे ती बघत नसे. तिथे नजर गेली की शब्दच फुटत नसत.

गल्लीचा पुढारी रामोजी कारभारी. चार माग, तीन मुलगे, सुना, भरलं घर. देवाच्या घोंगडीचा मान आपल्याकडे यावा असं त्याला फार वर्षांपासून वाटे. तो येताजाता हसे.

"काय वैनी, आज कुणाचे उपकार मानले? पाट्याचे का वरवंट्याचे?"

"उंदराचे मानले, कारभारी."

"उंदराचे!"

"व्हय. घरात कायतरी हलतंय, एवढं तरी कळतं त्याच्यामुळं."

रामोजी खो खो हसला. ठकूबाई हसली नाही. मग तो म्हणाला, "घोंगडीचं काय करणार? दुसरा हात कुठनं आणशील? परका चालत नाही, माहीत हाय न्हवं? का तुझ्या बिरोबाला बोलावतीस कुंचा धरायला?"

ठकूबाई आत वळली. घरात लोकर होती ती एकाच घोंगडीपुरती. मान गेला, तर सिदाप्पाच्या घराचं नावच गावातून पुसलं जाणार होतं.

दसऱ्याला आठ दिवस राहिले तेव्हा तिनं सकाळी खळ शिजवली, ताणा बांधला आणि एकटीनंच सुरुवात केली. थोडं अलीकडून लावायचं, धावत वळसा घालून पलीकडून लावायचं, पुन्हा परत. ऊन चढू लागलं. बाया दारात उभ्या होत्या. हळहळत होत्या, पण रीत मोडून पुढे कोण येणार? अर्ध्यावर आली तोवर पलीकडची बाजू वाळून पांढरट पडू लागली. आणखी थोड्या वेळात सूत चिकटणार, हे तिला उघड दिसत होतं. धावणं आता शक्य नव्हतं.

ती अलीकडे तशीच उभी राहिली. म्हणाली, "देवा, चुलीचे उपकार मानले, उंदराचेबी मानले. पण बावीस वर्षं पलीकडं माणूस दिलंस, त्याचे मानायचे राहिले. लई दुखतंय म्हणून राहिले. आज मानते."

डोळे पुसून तिनं कुंचा उचलला आणि सवयीनं हाक गेली, "हाय का?"

"हाय, हाय."

पलीकडून कुंचा सरकल्याचा आवाज आला. ठकूबाईनं मान वर केली नाही. वर बघितलं आणि कुणी नसलं तर? ती पुढे सरकत राहिली. दारातल्या बायांना पलीकडे कुणी दिसत नव्हतं. पण वाळलेलं सूत आपोआप ओलं होत चाललं होतं! केवढं हे नवल!

त्याच वेळी रामोजी देवळाच्या ओट्यावर महाराजांपुढे बसला होता. "मान आता माझ्या घरी द्यायला गावाला सांगा, महाराज. तिच्याच्यानं व्हायचं न्हाई." महाराज डोळे मिटून होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून सावकाश पुढे सरकत होता. मधेच ते म्हणाले, "हाय, हाय."

"कुणाला म्हणता, महाराज?"

महाराजांचा हात तसाच सरकत राहिला. थोड्या वेळानं गल्लीतल्या बाया धावत आल्या. "ताणा पुरा झाला! महाराज, ताणा पुरा झाला!" रामोजीनं चमकून महाराजांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत खळीनं माखला होता, बोटांना काळी लोकर चिकटली होती. आणि महाराज तर सकाळपासून ओट्यावरून उठलेही नव्हते!

रामोजीच्या तोंडून कसंबसं निघालं, "पण... परका हात..."

महाराज म्हणाले, "रामोजी, ज्या घरात उंदरालाही परकं मानत नाहीत, तिथे मी परका कसा?"

रामोजी पाया पडायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही. तिकडे जा."

रामोजी भर उन्हात गल्लीत आला. ठकूबाई ताण्याजवळ जमिनीवर बसली होती. ती अजूनही पलीकडे बघत नव्हती. त्यानं पागोटं काढून खाली ठेवलं.

"वैनी, माझ्या ताण्याला पलीकडं तीन-तीन पोरं उभी असतात. बायको खळ शिजवून देती. त्यातल्या एकाचंबी तोंड मी कधी नीट बघितलं न्हाई."

आणि खळीच्या थेंबांनी ओल्या झालेल्या त्या मातीत, साऱ्या गल्लीदेखत, रामोजी कारभाऱ्यानं ठकूबाईपुढे डोकं टेकलं.